चोरबटण

इमारतीत तिला सगळे सोल्डरमावशी म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते कुणाला आठवत नव्हतं, पण पडलं आणि रुळलं. मावशीलाही त्याचं काही वाटत नसे. एकतीस वर्षं तिनं रेडिओच्या कारखान्यात लांबलचक टेबलाशी बसून तारा जोडण्याचंच काम केलं होतं. उजव्या हाताला दहा बायका, डाव्या हाताला दहा बायका, डोक्यावर भिरभिरणारे पंखे आणि राळेचा तो धूर. कारखाना बंद पडला तेव्हा निरोपाच्या दिवशी सगळ्याजणी गळ्यात गळा घालून रडल्या, पत्ते लिहून घेतले, आणि पुढच्या सहा महिन्यांत एकमेकींना विसरल्या. मावशी सोल्डरगन तेवढी घरी घेऊन आली.

लग्न तिचं राहून गेलं होतं. आधी आईचं दुखणं, मग धाकट्या भावाचं शिक्षण, आणि मग विचारणारेच थांबले. भाऊ तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. त्याला तिनंच वाढवलं असं म्हटलं तरी चालेल. नोकरी लागल्यावर त्यानं हौसेनं मोटरसायकल घेतली, तीन-चार वर्षं ती उडवली आणि मग त्याला परदेशात काम मिळालं. जाताना विमानतळाच्या दारात त्यानं किल्ली तिच्या हातात ठेवली. “ताई, गाडी सांभाळ. आलो की लागेलच मला.”

त्याला आता चार वर्षं होऊन गेली होती.

मावशीच्या दोन खोल्या तळमजल्यावर होत्या आणि स्वयंपाकघराची खिडकी थेट गाड्या लावायच्या जागेत उघडत असे. खिडकीखालीच भावाची गाडी उभी. मावशीला गाडी चालवता येत नव्हती, पण दर रविवारी सकाळी ती बाहेर येई, कव्हर काढी, गाडी पुसे, स्टँडवर ठेवूनच किक मारी आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवी. बॅटरी उतरू नये म्हणून. पहिले काही रविवार तिचा गुडघा असा दुखला की सोमवारी जिना चढायची वेळ येऊ नये म्हणून तिनं गच्चीवर कपडे वाळत घालणंच सोडलं. पण किक मारायची सोडली नाही.

मग शेजारच्या इमारतीतून एक मोटरसायकल गेली. आठवड्याभरानं मागच्या गल्लीतून दुसरी. मावशीची झोप उडाली. हँडल लॉक चोरांना काडीसारखं मोडता येतं असं तिनं ऐकलं होतं, साखळी कापता येते हेही ऐकलं होतं. मग तिनं आपल्या डोक्याला ताण दिला. गाडी सुरू व्हायला ठिणगी लागते आणि ठिणगीला वीज लागते. ती वीज जिथून जाते त्या तारेत एक छोटंसं बटण घालायचं, आणि ते अशा जागी लपवायचं की कुणाच्या बापाला सापडणार नाही. बटण बंद असलं की चोरानं किल्लीच्या तारा जोडून घेतल्या, किक मारमारून पाय मोडून घेतला, तरी गाडी हूं की चूं करणार नाही. तिनं एका दुपारी तार कापली, दोन्ही टोकं बटणाला जोडून घेतली, वरून पिवळी टेप गुंडाळली आणि बटण सीटखालच्या पोकळीत बसवलं. चोरकप्पा असतो, चोरदरवाजा असतो, तसं हे चोरबटण. नाव तिनंच दिलं.

हे बाहेर कसं पडलं, तर दुसऱ्या मजल्यावरच्या कॅशियरमुळे. एका रविवारी तो दूध आणायला निघाला होता. किक मारण्याआधी मावशीचा हात सीटखाली जाऊन आलेला त्यानं पाहिला आणि तो तिथंच उभा राहिला. मावशीनं आधी ताकास तूर लागू दिली नाही, पण कॅशियर भला माणूस होता आणि दिवसभर नोटा मोजणाऱ्याची नजर होती त्याची. शेवटी तिनं सांगितलं. पुढच्याच रविवारी त्याच्या गाडीला चोरबटण बसलं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरच्या गाडीला. मग त्याच्या साडूच्या. दीड वर्षात त्या इमारतीतल्या सव्वीस गाड्यांना मावशीनं बटणं बसवली. तार आणि बटण ज्याचं त्यानं आणायचं. मजुरी ती घेत नसे, घ्या म्हटलं तर उलट रागावत असे.

तिची पद्धत ठरलेली होती. गाडीच्या मालकाला ती खिडकीजवळ स्टूल देई, चहा देई आणि विचारी, “तुमचा हात सहज कुठं जातो?” कारण बटण अशा जागी हवं की आपला हात न बघता तिथं पोचावा आणि दुसऱ्याची नजर मात्र जाऊ नये. कुणी टाकीखाली सांगे, कुणी मागच्या दिव्याच्या आत, कुणी पायदानाच्या मागं. मग ती कामाला लागे, आणि मालक स्टुलावर बसून बोलू लागे. हात दुसरीकडे गुंतलेल्या माणसाशी लोक मोकळेपणानं बोलतात, हे मावशीला कारखान्यापासून ठाऊक होतं. इंजिनिअरनं तिला सांगितलं की त्याला खरं तर इंजिनिअर व्हायचंच नव्हतं. कॅशियरनं सांगितलं की त्याला स्वप्नातसुद्धा नोटा दिसतात आणि त्या मोजताना नेमकी एक कमी भरते. काम झालं की मावशी बजावून सांगे, “हे घरात बायकोलासुद्धा सांगायचं नाही. तुम्हाला माहीत आणि मला माहीत.”

तिनं कधी काही लिहून ठेवलं नाही. सव्वीसच्या सव्वीस जागा तिच्या डोक्यात. एकदा इंजिनिअर गावाहून पंधरा दिवसांनी परत आला आणि स्वतःचंच बटण विसरला. अर्धा तास किका मारून घामाघूम झाला, मग खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, “मावशी, माझं कुठंय?” मावशीनं त्याच्या कानात सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला. ती दोघं त्यानंतर एकमेकांकडे बघून कितीतरी दिवस हसत.

रोज सकाळी साडेआठच्या सुमाराला मावशी चहाचा कप घेऊन खिडकीत उभी राही. एकेक जण खाली येई. इंजिनिअर बुटाची नाडी बांधल्यासारखं करी. कॅशियर सीट पुसल्यासारखं करी. चौथ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई आपल्या स्कूटरचा आरसा पुसल्यासारखं करत आणि डावा हात खाली नेत. दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसलं नसतं. मावशीला सगळं दिसे. जाताना प्रत्येक जण खिडकीकडे बघून मान हलवी. त्या वेळी तिला आपण पुन्हा लांबलचक टेबलाशी बसलो आहोत आणि दोन्ही बाजूंना माणसं आहेत, असं वाटे.

असं चाललेलं असताना एका गुरुवारी, भर दुपारी, कॅशियरची मोटरसायकल गेली.

कॅशियर तापानं फणफणून घरात पडला होता, म्हणून गाडी दोन दिवस जागची हलली नव्हती. संध्याकाळी त्याची बायको खाली आली तर जागा रिकामी. मावशी त्या दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. परत आली तेव्हा खाली घोळका जमला होता. तिनं घाईघाईनं पहिला प्रश्न विचारला तो हा, की बटण बंद केलं होतं ना. कॅशियर शाल गुंडाळून जिन्यात बसला होता. तो म्हणाला, शंभर टक्के केलं होतं.  मावशीला नंतर आठवलं, की त्या वेळी घोळक्यातल्या दोन-तीन माणसांनी तिच्याकडे बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी चौकीतून एक पोलीस आला. त्यानं कॅशियरला विचारलं, बटण कुठं आहे ते कुणाकुणाला माहीत होतं. कॅशियर खोटं बोलणारा माणूस नव्हता. तो म्हणाला, मला आणि खालच्या मावशींना. मग पोलीस मावशीच्या दारात आला. तिनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं.

“तुम्हाला किती गाड्यांची बटणं माहीत आहेत?” त्यानं विचारलं.

“सव्वीस,” मावशी म्हणाली. आवाजात अभिमान होता. तो तिला लपवता आला नाही, आणि लपवायला हवा हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

पोलिसानं तो आकडा वहीत लिहिला आणि त्याच्याखाली रेघ मारली. गुरुवारी दुपारी तुम्ही कुठं होतात, हेही विचारलं. तिनं डॉक्टरचा कागद दाखवला. त्यानं तो वाचला, परत दिला आणि नमस्कार करून गेला. उद्धटपणे बोलला नाही. पण इमारतीतली बारा-पंधरा माणसं त्या वेळी काही ना काही कारणानं खाली आली होती, आणि पोलीस मावशीच्या दारातून बाहेर पडताना त्या सगळ्यांनी पाहिला.

तिला कुणी काही म्हटलं नाही. जिन्यात भेटलं तर हसत. फक्त थांबत नसत. “जरा घाईत आहे मावशी,” असं म्हणत आणि पाय काढता घेत.

मग आठवड्याभरानं एका सकाळी इंजिनिअर खाली आला. मावशी खिडकीत होती. तो नाडी बांधायला वाकलाच नाही. गाडीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेला, खिडकीकडे पाठ केली, खांदा जरासा हलला, आणि गाडी सुरू झाली. मावशीला कळायला एक क्षण लागला. त्यानं गॅरेजमधून बटणाची जागा बदलून घेतली होती.

त्यानंतर रोज एक-दोन गाड्यांचं तसंच. ज्याचा हात टाकीखाली जायचा त्याचा आता सीटच्या मागं जाऊ लागला. जो मागच्या दिव्याशी घुटमळायचा तो आता हँडलशी घुटमळू लागला. एकाच्या गाडीतून नव्या काळ्या टेपचं टोक बाहेर लोंबत होतं. ओबडधोबड काम. मावशीला ते बघवेना, पण सांगणार कुणाला? सव्वीसातल्या बहुतेक गाड्या तिच्या डोळ्यांदेखत एकेक करून परक्या झाल्या. मग ती सकाळी खिडकीत उभी राहीनाशी झाली. आपण दिसलो की लोक अवघडतात, पाठ फिरवतात, हे तिला नको झालं होतं. साडेआठ वाजले की ती खिडकी लावून घेई आणि चहा आतल्या खोलीत नेई. गाड्या सुरू झालेल्या आवाजावरून कळत. शेवटची गेली की ती खिडकी पुन्हा उघडत असे.

त्याच सुमारास तिनं भावाला फोन केला. त्याचा फोन महिन्यातून एकदा यायचा, आपण होऊन ती कधी करत नसे. तिनं सगळं सांगितलं. पोलिसाचं, आकड्याचं, पाठ फिरवणाऱ्यांचं. पलीकडून मधूनमधून हूं हूं येत होतं आणि मागं कुठली तरी भांडी वाजत होती.

“अगं ताई, मग विकून टाक ना ती गाडी,” तो म्हणाला. “कशाला लोढणं गळ्यात घेऊन बसलीस? मी काय आता येऊन ती चालवणारे का?”

“तू सांभाळ म्हणाला होतास,” मावशी म्हणाली.

“कधी?”

मावशीनं विषय बदलला. तिकडं थंडी कशी आहे ते विचारलं.

तिनं गाडी विकली नाही. पण पुढचे दोन रविवार तिनं कव्हर काढलं नाही. तिसऱ्या रविवारी काढलं, किक मारली, आणि गाडी सुरू होईना. बॅटरी उतरली होती. ती काढून घरात आणायची, चार्ज करायची, पुन्हा बसवायची यात तिचा अख्खा दिवस गेला, आणि गेल्या कित्येक दिवसांतला तोच दिवस तिला बरा गेला.

दोन महिन्यांनी चोर पकडले गेले. झालं होतं ते अगदी साधं होतं. चौघे जण होते, सामान हलवणाऱ्या कामगारांसारखे एकसारखे सदरे घालून भर दुपारी टेम्पो घेऊन यायचे. एखाद्या गाडीला चौघे चार बाजूंनी हात लावायचे, उचलायचे आणि टेम्पोत ठेवायचे. किल्ली नको, किक नको, बटण नको. बघणाऱ्याला वाटायचं, गाडी दुरुस्तीला चालली. एका गोदामात चौदा मोटरसायकली सापडल्या, त्यात कॅशियरची होती. तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

कॅशियर चौकीतून गाडी सुरू न करता ढकलतच घेऊन आला तो आधी मावशीच्या खिडकीशी थांबला. तिला बाहेर बोलावलं. सीट उचलून दाखवली.

“बघा मावशी. बटण जसंच्या तसं. बंदच आहे. त्यांना पत्ताच नव्हता.”

मावशीनं वाकून बघितलं. पिवळी टेप, आपला हात. तिनं बोटानं ते बटण एकदा चालू केलं, पुन्हा बंद केलं.

“बाकीच्यांना सांगितलंत?” तिनं विचारलं.

“हो, सगळ्यांना कळवलं गाडी मिळाल्याचं.”

“गाडीचं नाही. बटणाचं.”

कॅशियर गोंधळला. वाईट माणूस नव्हता तो, पण अशा वेळी काय बोलायचं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. “मावशी,” तो म्हणाला, “तसं तुम्हाला कुणी काही म्हणालंच नव्हतं की.”

“नव्हतंच म्हणालं,” मावशी म्हणाली. “म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी उत्तर दिलं असतं.”

त्यानं हळूच सीट लावली आणि गाडी ढकलत आपल्या जागेवर घेऊन गेला.

मावशीला वाटलं होतं, आता चार माणसं येतील, चुकलं म्हणतील, निदान पूर्वीसारखी थांबतील. झालं उलटंच. आधी लोकांना नुसती शंका होती, आता लाज वाटू लागली, आणि लाजेनं माणूस शंकेपेक्षा जास्त लांब पळतो. इंजिनिअर तर तिला बघून जिन्यातून परत वर गेला. तिनं ते पाहिलं, आणि त्याला वाटू नये की तिनं पाहिलं, म्हणून चप्पल शोधत राहिली.

इमारतीची सभा भरली तेव्हा ती पहिल्यांदाच गेली. चोरांनी गाड्या उचलून नेऊ नयेत म्हणून काय करायचं, यावर सगळे एकाच वेळी बोलत होते. मावशीनं हात वर केला. प्रत्येक गाडीच्या जागी फरशीत लोखंडी कडी बसवायची, सिमेंटात पक्की, आणि चाकातून साखळी घालून त्या कडीला कुलूप लावायचं. मग चार काय, आठ जण आले तरी उचलणार नाहीत. एवढं बोलून ती खाली बसली. सगळ्यांना पटलं. सगळ्यांनी मान डोलावली. आणि काम एका ठेकेदाराला दिलं. मावशी सिमेंटचं काम करत नव्हती हे खरंच होतं, पण कडी कशी असावी, किती जाड, कुठं, हेसुद्धा तिला कुणी विचारलं नाही.

ठेकेदाराची दोन माणसं फरशीला भोकं पाडायला आली. वीज हवी होती आणि सगळ्यात जवळचा प्लग मावशीच्या स्वयंपाकघरात. दोन दिवस त्यांची वायर तिच्या खिडकीतून बाहेर गेली. धुळीनं ओटा पांढरा झाला, पण तिनं तक्रार केली नाही. त्यांना चारदा चहा दिला. त्यांच्यातला वयानं मोठा होता त्यानं विचारलं, ही गाडी कुणाची. भावाची, ती म्हणाली. कधी येतो तो, त्यानं विचारलं. येईल, ती म्हणाली. त्यानं भावाच्या गाडीची कडी जास्त खोल बसवून दिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी वायर गुंडाळली आणि ते दुसऱ्या इमारतीकडे गेले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, एका शनिवारी दुपारी, चौथ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई खाली आल्या आणि त्यांनी मावशीचं दार वाजवलं. त्यांच्या स्कूटरचं बटण सैल झालं होतं, गाडी मध्येच बंद पडत होती. जरा बघता का, असं त्यांनी विचारलं.

मावशीनं सोल्डरगन तापत ठेवली, स्टूल बाहेर आणलं. बाई बसल्या. मावशीनं आरशाखालचं कव्हर उघडलं, तर आत पिवळी टेप. तिचीच. 

“तुम्ही जागा नाही बदललीत?” तिनं वर न बघता विचारलं.

 तुमच्यावर माझा विश्वास होता, असं बाईंना सहज म्हणता आलं असतं, आणि मावशीनंही ते मुकाट ऐकून घेतलं असतं. पण दिवसभर मुलांच्या चुका काढणाऱ्या त्या बाईंना स्वतः खोटं बोलायला जमलं नाही.

“खरं सांगू मावशी? बदलणार होते. दोनदा गॅरेजपर्यंत गेले. दोन्ही वेळा ते बंद होतं. मग परीक्षा आल्या आणि राहूनच गेलं.”

मावशीनं मान वर केली. बाईंचा चेहरा लाल झाला होता. मावशीला हसू फुटलं. आधी नाकातल्या नाकात, मग तोंडावर हात धरून, मग तिला सोल्डरगन बाजूला ठेवावी लागली. बाईही हसायला लागल्या, जरा घाबरतच. कितीतरी दिवसांत मावशीशी कुणी सरळ बोललं नव्हतं, आणि हे बोलणं तिला माफीपेक्षा बरं वाटलं. माफी कुणी मागितलीही नव्हती म्हणा.

काम वीस मिनिटांचं होतं, मावशीनं चाळीस लावली. बाई बोलत राहिल्या. घरातल्यांबद्दल, मान दुखते त्याबद्दल, एका मुलीबद्दल, जिला गणित येतं पण फळ्यासमोर उभं राहिलं की येत नाही. चार वाजता शिकवणीची मुलं यायची होती, म्हणून त्या उठल्या. चहाचा कप स्वतः आत नेऊन विसळला.

त्या पुढं अधूनमधून शनिवारी येऊ लागल्या. दर शनिवारी नाही. बाकी कुणी आलं नाही. कॅशियरची बायको एकदा बिघडलेला पंखा घेऊन आली, पण बसा म्हटल्यावर गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणाली आणि दारातूनच गेली. मावशीनं पंखा दुरुस्त करून, पुसून, वर नेऊन दिला.

भावाची गाडी अजून खिडकीखाली आहे. रविवारी सकाळी ती सुरू झाल्याचा आवाज इमारतीत सगळ्यांना ऐकू येतो. दहा मिनिटं चालते, मग बंद होते.